मरव्याची तहान

गंगाखेडच्या तहसील कचेरीतले अहलकार, म्हणजे कारकून, गोविंदराव यांच्या घरी अंबिका दुसरेपणावर आली, तेव्हा तिच्या गळ्यात दोन वस्तू पडल्या. एक मंगळसूत्र, दुसरा सवतीचा टाक. टाक म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा आणि त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी आली की तिनं तो गळ्यात वागवायचा, आपल्या आधी त्याला हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी त्याला शिवून मग नेसायचं. म्हणजे मेलेली रागावत नाही, अशी रीत. मंगळसूत्राची सवय चार दिवसांत झाली. टाकाची झाली नाही. तो नेमका गळ्याच्या खळगीत बसायचा आणि भर उन्हाळ्यातही गार लागायचा.

पहिलीचं नाव सुमंगला. अंबिका येण्याच्या आधीच्या वैशाखात बाळंतपणात गेली, मागोमाग मूलही गेलं. घरात तिचं नाव कुणी घेत नसे. सासू पार्वतीबाई 'ती' म्हणायच्या आणि गोविंदराव तेवढंही म्हणत नसत. पण नाव न घेतल्यानं माणूस घरातून जात असतं तर काय हवं होतं? सुमंगला मागे एक वस्तू ठेवून गेली होती आणि ती वस्तू रोज डोळ्यांसमोर होती.

माजघराला अंगणाकडची एक गजांची खिडकी होती. खिडकीच्या रुंद कट्ट्यावर, काठ फुटलेल्या लोणच्याच्या चिनी बरणीत, सुमंगलानं मरवा लावला होता. मरवा म्हणजे मोठं गरीब रोप. वीतभर वाढावं, चार काड्या वेणीत माळू द्याव्यात, येताजाता पदर लागला तरी वास द्यावा. सुमंगला असताना म्हणे त्याच्या वासानं माजघर भरून जायचं. अंबिकेनं पाहिला तेव्हा मात्र त्याची रया गेली होती. आठ-दहा काड्या, त्यांवर पिवळी पडलेली पानं, आणि बुडाशी काळपट डाग.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी अंबिकेला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गेलेही. त्याच आठवड्यात मरव्याच्या अर्ध्या काड्या वाळल्या. मग काय, आळीतल्या बायकांना कुणी सांगायला लागलं नाही. त्यांनी दोनात दोन मिळवले आणि चार पार्वतीबाईंच्या पदरात टाकले. सवत मरव्यात आहे. मरवा हिरवा तोवर पोटातलं सुखरूप, मरवा गेला की तेही गेलं.

आता माघ होता आणि अंबिकेला सहावा महिना लागला होता. मरव्याच्या पाच काड्या उरल्या होत्या. रोज उठल्याबरोबर ती आधी काड्या मोजायची आणि मग पोटावर हात ठेवून आत काही हलतं का ते बघायची. मग तांब्याभर पाणी बरणीत ओतायची आणि पुटपुटायची, ताई, पी, पण मला हे एक राहू दे.

खरं म्हणजे झाडांच्या बाबतीत अंबिका काही अडाणी नव्हती. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून ती पिंगळीला मामाकडे वाढली. मामा व्यंकटराव बिनबायकोचा माणूस. स्टेशनाजवळ त्याचा फुलांचा मळा होता आणि सकाळच्या गाडीनं फुलांच्या टोपल्या परभणीला जायच्या. अंबिकेनं लावलेली काडी जगते, असं मामा चारचौघांत सांगायचा. पण भीती अशी असते, की ती घरात शिरली की आधी शहाणपणाला बाहेर काढते. सासरी आल्यापासून ती मरव्याकडे झाड म्हणून बघायलाच विसरली होती. तिला तिथं एक बाईच बसलेली दिसायची.

ती बाई दुपारी पाणी प्यायला यायची. अंबिकेनं स्वतः ऐकलं होतं. टळटळीत ऊन, पार्वतीबाई ओसरीवर आडव्या झालेल्या, गोविंदराव कचेरीत, घरात चिटपाखरू नाही, आणि माजघरातून गट्‌गट्‌ आवाज. एकदा ती जिवाच्या करारावर उठून बघायला गेली. कुणी नव्हतं. मात्र खिडकीखालची फरशी ओली होती, आणि ओल्या पायाचा एक ठसा तिच्या डोळ्यांदेखत वाळून गेला. त्या दिवशी ती जेवली नाही. पार्वतीबाईंनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

पुढं तिची कंबर धरली आणि दोन दिवस तिला बरणीत पाणी घालायला जमलं नाही. तिसऱ्या दिवशी ती धास्तावून खिडकीशी गेली, तर माती सुकलेली नव्हती. उलट बरणीत काठापर्यंत पाणी तरंगत होतं. पाणी पिणारी बाई एकवेळ समजत होती. पण ही तर आपल्या हातानं पाणी ओतायला लागली होती.

तिनं एक रात्र विचार केला आणि ठरवलं, मरायचंच असेल तर बघून मरू. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर, पडते जरा, असं सांगून ती माजघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत शिरली आणि ज्वारीच्या कणगीआड, दाराच्या फटीला डोळा लावून बसली. छातीत इतकं धडधडत होतं की पोटातलं पोरही जागं झालं.

थोड्या वेळानं पावलं वाजली आणि भूत आलं. ते शेरवानीतलं होतं. जेवून कचेरीकडे निघालेले गोविंदराव अर्ध्या वाटेतून परत आले होते. हातात तांब्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिडकीशी गेले, मान खाली घातली आणि सगळं पाणी बरणीत ओतलं. गट्‌गट्‌ वाजलं. ओठ हलत होते. मग चोरासारखे पाय न वाजवता निघून गेले. अंबिका उठणार तोच दुसरं भूत आलं. ते मोरीतून ओल्या पायांनी आलं. ओसरीवर झोपलेल्या पार्वतीबाई! त्यांनीही तांब्या आणला होता. पाणी बरणीत मावेना, काठावरून खाली आलं, तरी त्या ओततच राहिल्या. पदर डोळ्यांना लावला आणि गेल्या.

अंबिकेला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. एक घर, तीन माणसं, तिघांनी एकमेकांपासून चोरून एकाच बरणीत पाणी घालायचं. तेही बुडाला भोक नसलेल्या. ती खिडकीशी गेली आणि दीड वर्षात पहिल्यांदा तिनं मातीत बोट घातलं. आंबूस, कुजका वास आला. मामाचं बोलणं तिला आठवलं. तो म्हणायचा, पाणी कमी पडून जेवढी झाडं मेली, त्याच्या दुपटीनं मायेच्या पाण्यानं मेली. पानं दोन्हीकडून सारखीच माना टाकतात, म्हणून आधी मातीला विचारावं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तिनं पार्वतीबाईंना गाठलं. त्या तांदूळ निवडत होत्या. अंबिकेनं जे पाहिलं ते सरळ सांगितलं आणि विचारलं, "आत्याबाई, तुमी रोज कशापायी पाणी घालायलात?"

पार्वतीबाई रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

"पाणी पाणी करत गेली ती," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिशी ताप भरला. तानुबाई सुईण म्हणली, ओल्या बाळंतिणीला तापात पाणी दिलं की संपलं. माझ्या बाळंतपणात माझ्या सासूनंबी दिलं न्हवतं, मी जगले. मंग मला खरंच वाटलं. तिच्या डोळ्याला पडू नये म्हणून मी रांजण वडत वडत परसात नेला. ती म्हणायची, आत्याबाई, एक घोट. मी म्हणायची, उद्या देते. असं तीन दिस म्हणले मी. चौथ्या दिशी तिनं मागितलंच न्हाई."

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. हिशेबानं दोन वर्षांचं रडणं त्या बरणीत जाऊन बसलं होतं. बैल गेला नि झोपा केला, अशी एक म्हण आहे. लोक ती दुसऱ्याला हसण्यासाठी वापरतात. ज्याचा बैल गेला त्याला विचारावं, की तो रिकाम्या गोठ्याला रोज कड्या का घालत बसतो.

गोविंदरावांचं पाणी वेगळं होतं आणि ते त्यांनी त्याच दिवशी, जेवताना, मान वर न करता सांगितलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, म्हणून ते अंगणातून खिडकीशी गेले होते. सुमंगलाची बाज तिथंच होती. "माझ्या हातात भरलेला तांब्या होता," ते म्हणाले. "तिनं गजातून हात काढला. तेवढ्यात तानुबाई आतून ओरडली, पाजलं तर मी जबाबदार नाही. मला देताही येईना, परतही नेता येईना. मी ते पाणी मरव्यात ओतलं. ती बघत होती."

त्या रात्री अंबिकेला झोप आली नाही, पण भीतीनं नव्हे. गळ्यातल्या टाकाचा तिला पहिल्यांदाच राग आला नाही. दीड वर्ष ती जिला भीत होती, ती बाई कुणाच्या मुळावर उठलेली नव्हती. तहानलेली होती, एवढंच. आणि तिच्या तहानेला भिऊन घरानं तिचं रोपही बुडवायला काढलं होतं.

सकाळी अंबिकेनं पदर खोचला. पार्वतीबाई आणि गोविंदराव दोघांना समोर बसवलं आणि बरणी अंगणात आडवी केली. पाणी वाहिलं, मग चिखल आला, मग मुळांचा गोळा. तिनं तो हातात घेऊन दाबला तशी काळी मुळं बोटांत विरघळली. ती म्हणाली, "हे बघा. हिला तहान न्हाई. आपुन हिला बुडवायलोत."

पाच काड्यांतल्या चार गेल्याच होत्या. त्या तिनं काढून टाकल्या. पाचवीच्या बुडाशी चार पांढरी मुळं होती. कुजका भाग तिनं विळीवर कापला, जखमेला चुलीतली राख लावली. गोविंदरावांना नदीवर पिटाळून गंगेची जाड वाळू आणवली. अहलकार डोक्यावर वाळूचं घमेलं घेऊन भर रस्त्यानं आले, आळीनं ते पाहिलं, आणि पुढं आठ दिवस तिला दुसरा विषय लागला नाही. बरणीच्या बुडाला तिनं खिळ्यानं भोक पाडून घेतलं. काडीची शेंड्याची दोन पानं ठेवली, बाकी खुडली. पार्वतीबाई कळवळल्या. पण मुळं तोकडी असताना पानांचा पसारा झेपत नाही. काडी लावून झाल्यावर अंबिकेनं चूळभर पाणी घातलं आणि सांगितलं, आता मी म्हणेन तोवर कुणी थेंबभर घालायचं नाही.

खरी परीक्षा तिथं सुरू झाली. पाणी घालणं सोपं असतं. न घालता बसणं फार जड. दुपार झाली की पार्वतीबाई तांब्या घेऊन उठायच्या, माजघराच्या उंबऱ्यापर्यंत यायच्या आणि तिथंच उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "तिला दुसऱ्यांदा न्हाई म्हणायला लावायलीस गं तू मला." अंबिकेला त्यांची दया आली, पण तिनं तांब्या काढून घेतला. गोविंदराव कचेरीतून थेट घरी न येता घाटावर जाऊन बसायला लागले. पाणी घालायचं काम गेल्यावर त्या दोघांना कळेना, की आठवणीचं आता करायचं काय. मग एका दुपारी पार्वतीबाईंनी सुमंगलाचं नाव घेतलं. ती भाकरी कशी पातळ थापायची, हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणखी काही सांगितलं. घराला तोंड फुटलं.

सहाव्या दिवशी एक पान गळलं. अंबिकेचं धाडस तिथं संपत आलं होतं. तिनं बोट घालून मातीला विचारलं, माती कोरडी होती. मग तिनं घोटभर घातलं. पंधराव्या दिवशी काडीच्या बेचक्यात मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. तिनं कुणाला सांगितलं नाही. चार दिवसांनी त्याची दोन पानं झाली, तेव्हा सासूचा हात धरून खिडकीशी नेलं. पार्वतीबाईंनी वाकून वास घेतला आणि तशाच वाकून राहिल्या.

त्या रोपानं अंबिकेला बरंच शिकवलं होतं, आणि ती ते उघड बोलायची. माणूस पुष्कळदा आपल्या मनाचं ओझं उतरवायला दुसऱ्याच्या मुळाशी पाणी ओततो. दुसऱ्याला ते हवं आहे की नको, हे बोट घालून बघत नाही. ज्याला हवं त्याला हवं तेव्हा द्यावं, म्हणजे मागाहून घागरी ओताव्या लागत नाहीत. पण हे शिकता शिकता तिच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. मरवा जगला, सवत तिच्यावर रागावलेली नाही. मग भ्यायचं कुणाला? भ्यायचं त्या रिवाजाला. तो कुठं मेला होता? तिचं बाळंतपण वैशाखात, त्याच माजघरात, त्याच तानुबाईच्या हातून व्हायचं होतं.

सातव्या महिन्यात तानुबाई पोट बघायला आली, तेव्हा अंबिकेनं तिला सरळ विचारलं. तानुबाई काही दुष्ट नव्हती. अर्धं गंगाखेड तिच्या हातावर जन्मलं होतं. ती हसून म्हणाली, "पाणी पिऊन मेलेल्या मी लय बघितल्या, पोरी. न पिऊन मेलेली एकबी न्हाई." सुमंगलाचं काय, असं विचारल्यावर म्हणाली, ती तापानं गेली.

अंबिकेनं नवऱ्याला सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि, आईला विचारतो, म्हणाले. सरकारी उर्दूतले सात-सात पानी हुकूम एका दमात वाचणारा माणूस आईसमोर दोन वाक्यं बोलू शकत नव्हता. शेवटी अंबिका स्वतःच सासूजवळ गेली. विचारलं, "आत्याबाई, मला तहान लागली तर?"

पार्वतीबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. पुढंही पाण्याचा विषय निघाला की त्या कामाला लागायच्या. मरव्याला तोवर सात फांद्या फुटल्या होत्या. अंबिका त्याच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, तुझं बरं झालं बाई, आता माझं काय.

वैशाखात मुलगी झाली. रडली, प्यायली, धडधाकट. दोन दिवस सगळं सुरळीत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी अंबिकेला थंडी वाजली आणि पाठोपाठ ताप चढला. बाजेखाली शेगडी, बाहेर आग ओतणारं ऊन, जीभ टाळ्याला चिकटलेली. डोळे मिटून पडली असताना तिनं आवाज ऐकला. फरशीवरून काहीतरी जड ओढत नेल्याचा. रांजण परसात चालला होता. अंबिकेला रडायचं होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

"पाणी," ती म्हणाली.

उशाशी बसलेल्या तानुबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला. मायेनं म्हणाली, "उद्या."

मग किती वेळ गेला कोण जाणे. तापात खिडकीशी एक बाई बसलेली तिला दिसली, पाठमोरी, केसांत मरवा माळलेली. ती वळेल म्हणून अंबिका वाट बघत होती, आणि वळली तर तिचं तोंड आपल्यासारखंच असणार, हे तिला आधीच माहीत होतं. तिनं तोंड उघडलं. जे शब्द आले ते तिनं ठरवलेले नव्हते. आवाजही तिला आपला वाटला नाही.

"आत्याबाई, एक घोट."

उंबऱ्यावर बसलेल्या पार्वतीबाई ताडकन उठल्या. परसाकडे त्यांची पावलं गेली. थोड्या वेळानं परत आली. डोळे किलकिले करून अंबिकेनं पाहिलं. सासूच्या हातात भरलेला तांब्या होता आणि त्या चालत होत्या खिडकीकडे. दोन वर्षांची पायांची सवय. त्या मरव्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. तांब्या कलता झाला. आपल्या डोळ्यांसमोर पाणी झाडात जाणार आणि आपण बघत राहणार, सुमंगलानं पाहिलं तसंच.

पार्वतीबाईंनी तांब्या सरळ केला. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट मरव्याच्या मातीत घातलं. माती ओली होती. त्या वळल्या आणि बाजेकडे आल्या. तानुबाई हात आडवा करून उभी राहिली.

"बाजूला व्हा, तानुबाई," पार्वतीबाई म्हणाल्या. "मेलीला दोन वर्सं पाजलं मी. आता जितीला पाजू द्या."

तानुबाई, माझी जबाबदारी नाही, असं काहीतरी म्हणत बाहेर गेली. पार्वतीबाईंनी अंबिकेच्या मानेखाली हात घालून तिला उठवलं. पहिला घोट हनुवटीवरून गळ्यावर सांडला. त्यांनी तांब्या पुन्हा ओठांना लावला. त्यांचे डोळे अंबिकेकडे होते, पण बघत कुणा दुसरीकडे होते.

"पी, सुमंगला," त्या म्हणाल्या. "पी माझे बाय. कुणी न्हाई म्हणणार न्हाई."

दीड वर्ष अंबिका याच नावाला भ्यायली होती. आता तिनं ते दुरुस्त केलं नाही. ती सुमंगला होऊन प्यायली, सावकाश, तळ दिसेपर्यंत. मग सासूचं मनगट धरून तिनं आणखी मागितलं.